क्रॉमफर्ड : ओढ्याच्या पाण्यावर उभे राहिलेले गाव

इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बीशायर परगण्यात, डरवेंट नावाची एक मध्यम आकाराची नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. ब्लीकलोच्या ओलसर, दलदलीच्या पठारावर तिचा उगम होतो. वाटेत धरणांचे जलाशय भरून, चॅट्सवर्थच्या प्रशस्त कुरणांतून ती मॅटलॉक बाथच्या अरुंद घळीत शिरते. दोन्ही बाजूंस चुनखडीचे उभे कडे आणि मधून फेसाळत जाणारे काळसर पाणी, असे तेथील दृश्य आहे. ही घळ जेथे संपते आणि नदीला थोडी मोकळी जागा मिळते, त्याच वळणावर क्रॉमफर्ड हे लहानसे गाव वसलेले आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास. डर्बी शहराहून निघालेली छोटी आगगाडी अर्ध्या तासाच्या आत येथे पोचते. नदीला लागूनच असलेल्या टुमदार स्थानकावर मोजके प्रवासी उतरतात आणि गाडी मॅटलॉककडे निघून जाते.

गावाच्या नावातच त्याचा भूगोल आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'वळणावरचा उतार' असा होतो. नदी पायी ओलांडता येईल अशी जागा म्हणजे उतार. इ.स. १०८६ च्या 'डूम्सडे' या राजकीय नोंदवहीत या गावाचा उल्लेख आहे. पुढे पंधराव्या शतकात उताराच्या जागी दगडी पूल आला. तो आजही वापरात आहे आणि त्याची एक गंमत आहे. एका बाजूने पाहिल्यास त्याच्या तीन कमानी टोकदार दिसतात, तर दुसऱ्या बाजूने पाहिल्यास त्याच कमानी अर्धवर्तुळाकार दिसतात. वाहतूक वाढली तेव्हा जुन्या पुलाला एका बाजूने जोड देऊन तो रुंद केला. जोड देणाऱ्यांनी मात्र आपल्या काळाची रीत वापरली. पुलाच्या टोकाशी मध्ययुगीन प्रार्थनाघराचे अवशेष आणि मासेमारांसाठी बांधलेली अठराव्या शतकातील चौकोनी खोली उभी आहे.

क्रॉमफर्डचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर त्याच्या पायाखालचे दगड पाहावे लागतात. गावाच्या पश्चिमेस चुनखडीचे पठार आहे; पूर्वेस व दक्षिणेस खरबरीत वालुकाश्माचे डोंगर आहेत. चुनखडीत शिशाच्या शिरा होत्या आणि रोमन काळापासून या भागात शिसे काढले जात असे. खाण खोल जाऊ लागली की तिच्यात पाणी साचते. ते उपसण्यासाठी खाणमालक डोंगराच्या पायथ्यापासून आत लांब उताराचे बोगदे खोदत. स्थानिक भाषेत अशा बोगद्याला 'सफ' म्हणतात. क्रॉमफर्डच्या सफातून खाणींचे पाणी अहोरात्र बाहेर पडे आणि ओढ्यासारखे गावातून वाहत नदीला मिळे. खाणमालकांच्या दृष्टीने ते टाकाऊ पाणी होते. पुढे या गावाचे जे काही भाग्य घडले व बिघडले, ते याच टाकाऊ पाण्यामुळे.

इ.स. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइट नावाचा एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस येथे आला. त्याचा जन्म १७३२ मध्ये प्रेस्टन येथे गरीब शिंप्याच्या घरी, तेरा भावंडांच्या कुटुंबात झाला होता. शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. न्हाव्याचा आणि केसांचे टोप बनवण्याचा व्यवसाय करीत, टोपांसाठी केस विकत घेत तो गावोगाव फिरला होता. त्या काळी लँकेशायरभर एकाच गोष्टीची चर्चा चाले : विणकराला पुरेसे सूत मिळत नाही. हातमागाचा वेग वाढला होता. परंतु चरख्यावर सूत काढणाऱ्या स्त्रिया त्याला पुऱ्या पडत नव्हत्या. शिवाय इंग्लंडमध्ये हाताने काढलेले कापसाचे सूत ताण सोसण्याइतके मजबूत नसे. म्हणून उभा ताणा अळशीच्या धाग्याचा आणि आडवा बाणा कापसाचा, असे मिश्र कापड तेथे विणले जाई. निर्भेळ सुती कापडाची हौस भागवत असे ते हिंदुस्थान. कालिकतचे 'कॅलिको', बंगालची मलमल आणि मच्छलीपट्टणमची चिटे यांनी इंग्रज घरांत अशी जागा मिळवली होती की, देशी लोकर व रेशीम उद्योगाच्या रक्षणासाठी तेथील संसदेला १७०० आणि १७२१ मध्ये या कापडांविरुद्ध कायदे करावे लागले.

जॉन के या घड्याळजीच्या मदतीने आर्कराइटने एक यंत्र सिद्ध केले आणि १७६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याची रचना ऐकण्यास सोपी आहे. कापसाचा पेळू एकामागून एक बसवलेल्या रूळांच्या जोड्यांमधून जातो. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे पेळू ओढला जाऊन बारीक होतो आणि शेवटी चातीवर त्याला पीळ बसतो. चरखा चालवणाऱ्या स्त्रीची बोटे जे करीत, ते येथे रूळ करू लागले. यातील मूळ कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. लुई पॉल याने रूळांनी सूत ओढण्याचे पेटंट १७३८ मध्येच घेतले होते आणि टॉमस हाइज या कारागिराने आपले काम चोरल्याचा दावा पुढे केला. १७८५ मध्ये न्यायालयाने आर्कराइटचे पेटंटविषयक दावे रद्दही ठरवले. परंतु रूळांतील अंतर, त्यांवरील दाब, वेगांचे प्रमाण ही सारी घडी बसवून बाजारात टिकेल असे सूत काढून दाखवले ते त्यानेच.

त्याच्याजवळ भांडवल नव्हते. ते दोन व्यापाऱ्यांनी पुरवले : नॉटिंगहॅमचे सॅम्युअल नीड आणि डर्बीचे जेडेडाया स्ट्रट. दोघेही पायमोज्यांच्या धंद्यातील मुरलेले होते आणि दोघांनाही मजबूत सुताची गरज होती. पैसा लावणारा, माल उचलणारा आणि यंत्र चालवणारा अशी ही भागीदारी होती. जागेची निवडही हिशेबाने झाली. मोठी नदी शेजारी असताना पहिली गिरणी मात्र डरवेंटवर उभारली गेली नाही. डरवेंटला पूर येतात. तिला आवरायला मोठा बांध लागतो आणि मोठा खर्चही. त्याऐवजी बॉन्सल ओढा आणि खाणीच्या सफाचे पाणी यांवर जलचक्र बसवण्यात आले. सफाचे पाणी जमिनीच्या पोटातून येत असल्याने वर्षभर जवळजवळ एकाच उष्णतेचे असे. कडाक्याच्या हिवाळ्यात इतर ओढे गोठले तरी ते गोठत नसे. बारा महिने चालणारे, फुकट मिळणारे पाणी : कोणत्याही व्यापाऱ्याला याहून अधिक काय हवे असते ?

यंत्र पाण्यावर चाले म्हणून त्याला 'वॉटर फ्रेम' हे नाव पडले. त्याच्या सुताने ताण्याचा प्रश्न सुटला आणि इंग्लंडमध्ये प्रथमच मोठ्या प्रमाणावर शुद्ध सुती कापड विणता येऊ लागले. आता जुना कायदाच आड येऊ लागला. आर्कराइट व त्याच्या भागीदारांनी संसदेकडे दाद मागितली आणि १७७४ मध्ये कायदा बदलला. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या सुती कापडास परवानगी मिळाली. मात्र ते ओळखू यावे म्हणून त्याच्या काठात तीन निळे धागे विणणे बंधनकारक ठरले. त्या तीन निळ्या धाग्यांत हिंदुस्थानच्या लाखो चरख्यांचे आणि मागांचे पुढील भवितव्य गुंफलेले होते, हे त्या वेळी कोणाच्याही ध्यानी आले नसेल.

आज गावात फिरताना तो काळ दगडांत वाचता येतो. गिरणीच्या रस्त्याकडील भिंती किल्ल्यासारख्या उंच आहेत आणि खालच्या भागात खिडक्या जवळजवळ नाहीतच. १७७९ मध्ये लँकेशायरमधील बर्कएकर येथील आर्कराइटची गिरणी जमावाने जाळली होती. चरखा बंद पडल्याने ज्यांची चूल विझली, त्यांचा तो राग होता. त्याची धास्ती क्रॉमफर्डच्या भिंतींत कायमची राहिली. समोरच्या कड्यावर 'रॉक हाउस' हे आर्कराइटचे घर आहे. तेथील खिडकीतून गिरणीचे फाटक स्पष्ट दिसते.

गाव लहान, कामगार थोडे. म्हणून आर्कराइटने कामगारांसाठी गावच वाढवले. १७७६ च्या सुमारास बांधलेला 'नॉर्थ स्ट्रीट' हा रस्ता आजही जसाच्या तसा आहे. दोन्ही बाजूंस वालुकाश्माच्या तीन मजली घरांच्या सलग रांगा आहेत. वरच्या मजल्यावर लांबट खिडक्या दिसतात, कारण तेथे विणकर बापाचा हातमाग असे आणि त्याला उजेड हवा असे. खाली घर, वर माग. आई आणि मुले मात्र गिरणीत. विणकराचे कुटुंब जितके मोठे तितके मालकाला पसंत. घरे त्या काळाच्या मानाने उत्तम होती. पुढे बाजारचौकात 'ग्रेहाउंड' ही भव्य धर्तीची खानावळ १७७८ मध्ये उभी राहिली, १७९० मध्ये आठवड्याच्या बाजाराला परवाना मिळाला आणि रस्त्याच्या टोकाशी १८३२ मध्ये शाळा आली. एका माणसाच्या व्यवसायाभोवती गावाचे सारे अवयव असे क्रमाक्रमाने फुटत गेले.

परंतु या नीटनेटक्या चित्राची दुसरी बाजूही त्याच दगडांत आहे. गिरणी दिवसा आणि रात्री, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चाले. सुरुवातीच्या काळात सात वर्षांची मुलेदेखील कामावर घेतली जात. तुटलेला धागा जोडायला लहान बोटे आणि यंत्राखाली शिरायला लहान शरीरे सोयीची ठरत. शेतकऱ्याचे दिवस सूर्यावर आणि ऋतूंवर चालत आले होते. येथे प्रथमच घंटेचे राज्य सुरू झाले. घंटा वाजली की फाटक बंद. उशीर झालेल्याची मजुरी बुडे. डर्बीचा चित्रकार जोसेफ राइट याने रात्रीच्या वेळची ही गिरणी रंगवली आहे : चांदण्यात शांत झोपलेले डोंगर आणि मध्येच खिडकीखिडकीतून उजळलेली एक अवाढव्य इमारत. चित्र पाहणाऱ्याला ते प्रथम परीकथेतल्यासारखे वाटते. त्या उजेडात मुले काम करीत आहेत हे आठवले म्हणजे तेच चित्र निराळे दिसू लागते.

कच्चा मालही दूरवरून येई. क्रॉमफर्डच्या आसपास कापसाचे एकही झाड उगवत नाही. कापूस येई तो वेस्ट इंडीज बेटांतून, तुर्कस्तानच्या बंदरांतून आणि पुढे ब्राझील व अमेरिकेतून. यांतील बऱ्याच मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. डर्बीशायरच्या स्वच्छ डोंगराळ हवेत कातलेल्या सुताच्या मागे महासागरापलीकडचा तो घाम होता. क्रॉमफर्डची कथा सांगताना हा भाग वगळला तर जमाखर्च अपुरा राहतो.

धंदा मात्र भरभराटला. १७८३ मध्ये मॅसन येथे, या वेळी खुद्द डरवेंटच्या पात्रावर, लाल विटांची देखणी गिरणी उभी राहिली. स्ट्रटने बेल्पर व मिलफर्ड येथे गिरण्या काढल्या. जर्मनीत राटिंगेन येथे ब्रुगेलमान या व्यापाऱ्याने हेच यंत्र उभारून आपल्या कारखान्याला 'क्रॉमफर्ड' असेच नाव दिले. स्ट्रटच्या हाताखाली शिकलेला सॅम्युअल स्लेटर १७८९ मध्ये अमेरिकेला गेला आणि तेथील सूतगिरण्यांचा जनक ठरला. आर्कराइटला १७८६ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. नदीपलीकडे त्याने 'विलर्स्ली कॅसल' हा राजेशाही वाडा बांधायला काढला. पण आतील भागाला आग लागून काम लांबले आणि १७९२ च्या ऑगस्टमध्ये, त्यात राहायला जाण्यापूर्वीच, त्याचे निधन झाले. मागे राहिलेली संपत्ती सुमारे पाच लाख पौंडांची होती असे सांगतात. वाड्याजवळच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याचे दफनस्थान आहे.

त्यानंतर गावाला कालवा मिळाला. १७९४ मध्ये पूर्ण झालेल्या क्रॉमफर्ड कालव्याने सुमारे साडेचौदा मैलांवरील लँगली मिलशी आणि तेथून देशभराच्या जलमार्गांशी गाव जोडले गेले. घोडे काठावरून चालत आणि दोराने पडाव ओढत. कापूस, कोळसा, दगड, शिसे यांची ने-आण होई. धक्क्यावरच्या दगडी वखारी आजही उभ्या आहेत. या कालव्यालाही पाणी पुरवत असे ते सफाच्याच प्रवाहाने.

आणि येथेच कथेला कलाटणी मिळाली. शिशाच्या खाणी आणखी खोल गेल्या. खाणमालकांनी खालच्या पातळीवर मीअरब्रुक नावाचा नवा, अधिक खोल बोगदा नेला. पाणी नेहमीच खालची वाट धरते. डोंगराच्या पोटातील पाणी नव्या बोगद्याकडे वळले आणि क्रॉमफर्डचा सफ आटू लागला. ज्या प्रवाहावर गिरणी सत्तर वर्षे विसंबून होती, तोच हातातून निसटू लागला. आर्कराइटच्या वारसाने न्यायालयात धाव घेतली. १८३९ मध्ये 'आर्कराइट विरुद्ध जेल' या खटल्याचा निकाल लागला. न्यायालयाने म्हटले त्याचा आशय असा : हे पाणी निसर्गाचा ओढा नाही, खाण कोरडी करण्यासाठी काढलेला तो तात्पुरता प्रवाह आहे. खाणमालकाने तो कायम चालू ठेवलाच पाहिजे, असा हक्क खाली बसून त्याचा वापर करणाऱ्याला मिळत नाही. हा निकाल पाण्याच्या हक्कांविषयीच्या इंग्रजी कायद्यात पुढे पुन्हा पुन्हा उद्धृत झाला.

फुकट मिळालेले पाणी फुकटच गेले. वाफेच्या जोरावर मँचेस्टर पुढे निघून गेले होते. क्रॉमफर्डच्या मूळ गिरणीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सूतकताई थांबली. कालव्यालाही पाणी कमी पडू लागले. अखेर लीवुड येथे १८४९ मध्ये वाफेचा प्रचंड पंप बसवून डरवेंटचे पाणी उचलून कालव्यात टाकावे लागले. ते पंपघर उंच धुराड्यासह कालव्याकाठी उभे आहे. नदीवरची मॅसन गिरणी मात्र टिकली. तेथे १९९१ पर्यंत सूत निघत राहिले.

या कथेचे धागे महाराष्ट्रापर्यंत येऊन पोचतात. वॉटर फ्रेमचीच सुधारलेली पिढी म्हणजे 'थ्रॉसल' आणि तिच्यापुढची पिढी म्हणजे 'रिंग फ्रेम'. नागपूरला १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलने रिंगच्या चात्या फार लवकर स्वीकारल्या. ज्या देशाचे कापड रोखण्यासाठी कायदे झाले, त्याच देशात ते यंत्र शतकानंतर परत आले. कापसाच्या व्यापाराने दाखवलेला चढउतारही असाच बोलका आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडकला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. जैन समाजातील विख्यात व्यापारी प्रेमचंद रायचंद त्या तेजीचे अग्रणी होते. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि तेजी कोसळली. अनेक पेढ्या बुडाल्या, प्रेमचंदांनाही मोठा फटका बसला. तेजीच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा मात्र उभा राहिला आणि आजही उभा आहे. दूरच्या युद्धाने आणलेली तेजी असो वा दुसऱ्याच्या खाणीने सोडलेले पाणी, प्रवाहाचे मूळ आपल्या हाती नसते तेव्हा व्यापाऱ्याने किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न क्रॉमफर्डला आणि मुंबईला सारखाच पडला होता.

सूत थांबल्यावर क्रॉमफर्डच्या गिरणीने अनेक रूपे पाहिली. विसाव्या शतकात तेथे रंगद्रव्यांचा कारखाना होता आणि शिशाच्या क्षारांनी भिंती व माती दूषित झाली. डोंगरातले शिसे असे वेगळ्या वाटेने गिरणीत येऊन बसले. १९७९ मध्ये आर्कराइट सोसायटी या संस्थेने ती जागा विकत घेतली आणि अनेक वर्षे खपून ती स्वच्छ केली. २००१ मध्ये डरवेंट खोऱ्यातील गिरण्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नॉर्थ स्ट्रीटवर आजही लोक राहतात. खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या आहेत. स्कार्थिन भागातील गिरणीच्या जुन्या तळ्यावर बदके पोहतात आणि काठावर १९७४ पासून चालत आलेले पुस्तकांचे एक प्रसिद्ध दुकान आहे. कालव्याकाठच्या ज्या वाटेने घोडे पडाव ओढीत, त्या वाटेने आता कुटुंबे फिरायला जातात. पडाव गेल्याने संथ झालेल्या त्या पाण्यात पाणउंदीर आणि चतुर सुखाने नांदतात.

डरवेंट अजून आपल्या मर्जीने वागते. २०१९ च्या नोव्हेंबरात तिने मॅटलॉकपासून डर्बीपर्यंत काठ सोडला; मोठ्या नदीला आवरणे सोपे नाही हे आर्कराइटचे अनुमान त्या दिवशीही खरे ठरले. आणि ज्या मीअरब्रुक बोगद्याने क्रॉमफर्डचे पाणी पळवले, त्याचे पाणी आज शुद्ध करून डर्बीशायरच्या घरोघरी पिण्यासाठी पुरवले जाते. शिशाच्या खाणी केव्हाच बंद पडल्या आहेत. डोंगर मात्र आपल्या पोटातील पाणी सोडीतच आहे, आणि गिरणीच्या आवारातून बॉन्सलचा ओढा, कोणतेही चक्र फिरवण्याची घाई नसल्यासारखा, नदीकडे वाहत जातो.